वाचकांचे प्रश्न : खनिजातले शिसे आले कुठून?

राजस्थानातले शिसे-जस्त, मलांजखंडचे तांबे, सैबेरियातले निकेल हे सगळे जमिनीत नेमके कुठून आणि कधी आले, हे समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंवरून) कसे ठरवतात, अशी विचारणा अनेक पत्रांतून झाली आहे. त्यांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

शिसे सगळीकडे सारखेच असते ना? मग एका खाणीतले शिसे दुसऱ्या खाणीतल्या शिशाहून वेगळे कसे ओळखता येते? (विज्ञान शिक्षिका, नागपूर)

रासायनिक गुणांवरून ते ओळखता येतच नाही. फरक असतो तो अणूंच्या वस्तुमानात. शिशाचे चार स्थिर समस्थानिक आहेत : २०४, २०६, २०७ आणि २०८. पृथ्वी जन्मली तेव्हा जेवढे शिसे-२०४ होते तेवढेच आजही आहे. बाकीच्या तिघांत मात्र सतत भर पडते. युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ बनते (अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, ४४६.८ कोटी वर्षे), युरेनियम-२३५ पासून शिसे-२०७ (७०.४ कोटी वर्षे) आणि थोरियम-२३२ पासून शिसे-२०८ (सुमारे १,४०० कोटी वर्षे). म्हणून २०६/२०४, २०७/२०४ आणि २०८/२०४ ही तीन गुणोत्तरे काळाबरोबर वाढत जातात. ज्या खडकात युरेनियम जास्त, तिथे वेगाने. कमी असेल तिथे हळू.

ही वाढ कुठून सुरू झाली तेही माहीत आहे. अ‍ॅरिझोनातल्या कॅन्यन डायाब्लो उल्केत ट्रॉयलाइट नावाचे लोह आणि गंधकाचे खनिज आहे. त्यात युरेनियम जवळजवळ नसल्याने सौरमालेच्या आरंभीचे शिसे तिथे जसेच्या तसे टिकले. त्यातले २०६/२०४ गुणोत्तर ९.३०७ आहे. आजच्या भूकवचाचे सरासरी गुणोत्तर १८.७ च्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ दुप्पट. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचे सुमारे ४५५ कोटी वर्षांचे वय मांडले, ते उल्कांमधल्या शिशाच्याच आधारावर.

आता गॅलेनाकडे, म्हणजे शिसे आणि गंधकाच्या खनिजाकडे, येऊ. या खनिजात ८६.६ टक्के शिसे असते, युरेनियम आणि थोरियम नगण्य. त्यामुळे गॅलेनाचा स्फटिक तयार झाला की त्यातली गुणोत्तरे तिथेच थांबतात. आज आपण मोजतो ती त्या दिवशीची गुणोत्तरे असतात. ती दोन गोष्टींवरून ठरलेली असतात : शिसे मूळ खडकातून कधी बाहेर पडले, आणि त्याआधी ते कुठल्या प्रकारच्या खडकात राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात गुंतलेल्या असतात, आणि पुढचा सगळा खटाटोप त्या सोडवण्यासाठी असतो.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी, कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांचे उत्तर त्यात आहे. शिशाचे समस्थानिक फक्त शिशाबद्दल बोलतात. त्याच खडकात जस्त, चांदी किंवा तांबे असले, तरी ते शिशाच्याच वाटेने आले, हे वेगळ्या पुराव्याने दाखवावे लागते. गंधकाची गोष्ट गंधकाच्या समस्थानिकांना विचारायची, पाण्याची ऑक्सिजन-हायड्रोजनला. संशोधन लेखांतही हा घोळ पुष्कळदा दिसतो.

प्रबंधासाठी गॅलेनाचे 'मॉडेल वय' (शिशाच्या वाढीचे ठरावीक गणित धरून काढलेले वय) काढायचे आहे. हाताशी २०६/२०४ = १६.००, २०७/२०४ = १५.३९ हे आकडे आहेत. हिशेब कसा करायचा, आणि आलेल्या वयावर किती विश्वास ठेवायचा? (भूविज्ञानाचा विद्यार्थी, पुणे)

तुम्ही दिलेले आकडे ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या शिशाचे आहेत. हिशेब शिकायला याहून चांगले उदाहरण नाही.

स्टेसी आणि क्रेमर्स यांचे १९७५ चे दोन टप्प्यांचे मॉडेल वापरा. यात दुसरा टप्पा ३७० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला असे धरतात. तेव्हा २०६/२०४ हे ११.१५२ आणि २०७/२०४ हे १२.९९८ होते. तुमच्या आकड्यांतून हे वजा करा : ४.८४८ आणि २.३९२. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ०.४९३४ येतात. हा झाला आलेखावर आरंभबिंदूपासून तुमच्या नमुन्यापर्यंतच्या रेषेचा चढ, आणि तो फक्त वयावर अवलंबून असतो. युरेनियम कमी-जास्त असले तरी चढ बदलत नाही. आता वेगवेगळ्या वयांसाठी सैद्धांतिक चढ काढा. त्यासाठी युरेनियम-२३८ चा क्षयांक (क्षयाचा वेग) शंभर कोटी वर्षांना ०.१५५१२५, युरेनियम-२३५ चा ०.९८४८५, आणि दोहोंचे आजचे प्रमाण १३७.८८ धरा. १५० कोटी वर्षांसाठी चढ ०.४७८४ येतो, १६० कोटींसाठी ०.४९०९, १७० कोटींसाठी ०.५०४०. तुमचा नमुना १६२ कोटींवर बसतो.

वय कळले की उलटा हिशेब करून मूळ खडकातले युरेनियम-२३८ आणि शिसे-२०४ यांचे प्रमाण काढता येते. त्याला म्यू म्हणतात. इथे तो सुमारे ९.९ येतो. मॉडेलचा सरासरी म्यू ९.७४ आहे. म्हणजे हे शिसे सरासरीपेक्षा किंचित जास्त युरेनियम असलेल्या, बहुधा भूकवचाच्या वरच्या भागातल्या खडकांत वाढले. खनिजाच्या मूळ उगमाबद्दल म्यू जास्त बोलका आहे, तरी बहुतेक जण वय मिळाले की हिशेब थांबवतात.

विश्वास किती ठेवायचा? ब्रोकन हिलच्या यजमान खडकांतल्या (शिसे ज्यांत आहे त्या खडकांतल्या) झिरकॉन या, युरेनियममुळे स्वतंत्रपणे वय देणाऱ्या खनिजाचे वय सुमारे १६९ कोटी वर्षे येते. मॉडेल ७ कोटी वर्षांनी मागे राहिले. जिथे शिसे एकाच मोठ्या, नीट मिसळलेल्या उगमातून आले तिथेही एवढी चूक होते. म्हणून मॉडेल वयाकडे ढोबळ अंदाज म्हणूनच पाहावे. राजस्थानात तो अंदाज फार उपयोगी पडला. रामपुरा-आगुचा आणि राजपुरा-दरिबा इथले शिसे सुमारे १८० कोटी वर्षांचे निघाले, तर गुजरात-राजस्थान सीमेवरच्या अंबाजी-देरीचे १०० ते ११० कोटींचे. अरवलीच्या एकाच पट्ट्यात धातू साठण्याचे दोन अगदी वेगळे काळ होते, हे यातून स्पष्ट झाले. दोन काळांतले अंतर ७० कोटी वर्षांचे असल्यामुळे ५-१० कोटींच्या चुकीने इथे काही बिघडत नाही. अंतरच ५ कोटींचे असते, तर हा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरले असते.

एक तपासणी जरूर करा. उपकरणात होणाऱ्या वस्तुमान-भेदाची (हलके आणि जड अणू सारख्या प्रमाणात न मोजले जाण्याची) दुरुस्ती राहून गेली, आणि तो भेद दर वस्तुमान एककाला फक्त ०.१ टक्का असला, तरी वर दिलेले आकडे १५.९६८ आणि १५.३४४ होतील, चढ ०.४८७१ होईल आणि वय १५७ कोटींवर येईल. हजारात एका भागाची चूक, आणि वयात ५ कोटी वर्षांचा फरक.

एका अहवालात शिशाचे वय उणे आले आहे, म्हणजे खनिज अजून तयार व्हायचे आहे! ही छपाईची चूक आहे का? (अमरावती)

छपाईची चूक नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या शिशाच्या खाणी यासाठी प्रसिद्धच आहेत. तिथल्या जोप्लिन गावावरून अशा शिशाला 'जे-प्रकारचे शिसे' म्हणतात. उदाहरणादाखल २०६/२०४ = २१.० आणि २०७/२०४ = १५.९ घ्या. वरच्या रीतीने चढ ०.२९४७ येतो. आजच्या दिवसासाठी, म्हणजे शून्य वयासाठी, चढ ०.३४८४ असतो. या उदाहरणातला त्याहून कमी, म्हणून वय आजपासून सुमारे ११० कोटी वर्षे पुढे जाते.

मॉडेल असे धरून चालते की शिसे सरासरी उगमात वाढले आणि एकाच झटक्यात वेगळे झाले. मिसुरीत तसे झाले नाही. तिथे गाळाच्या थरांतून फिरणाऱ्या खाऱ्या, कोमट पाण्याने जुन्या ग्रॅनाइटी खडकांतले आणि त्यांच्यापासून बनलेल्या वालुकाश्मातले शिसे धुऊन आणले. युरेनियमच्या शेजारी राहून या शिशात २०६ ची जादा भर पडली होती. असे शिसे साध्या शिशात कमी-अधिक मिसळले की नमुने आलेखावर एका तिरप्या रेषेत पसरतात.

अशा ठिकाणी एकेका नमुन्याचे वय काढूच नये. सगळ्या नमुन्यांची मिळून जी रेषा बनते, तिचा चढ पाहावा. त्यावरून शिसे ज्या खडकातून आले त्याचे वय अंदाजता येते. मूळ उगमाचा प्रश्न असेल, तर हीच माहिती आपल्याला हवी असते.

महाविद्यालयाच्या संग्रहात राजस्थानातल्या जावरचे गॅलेना आणि पायराइट (लोह-गंधकाचे खनिज) आहे. समस्थानिक तपासणीसाठी नमुना कसा तयार करावा? प्रयोगशाळेत त्याचे पुढे काय होते? (भूविज्ञान प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

सुरुवात दगड निवडण्यापासून. जुन्या संग्रहातल्या गॅलेनावर पांढरट-राखाडी लेप असतो. तो अँग्लेसाइटचा किंवा सेरुसाइटचा, म्हणजे हवा-पाण्याने झालेला बदल. तो भाग टाळा. ताजी, चकाकणारी, घनाकार तुकड्यांत फुटणारी बाजू शोधा. नमुना खाणीच्या कुठल्या पातळीवरचा, कुठल्या शिरेतला, हे नोंदवलेले नसेल तर मोजणी कितीही अचूक झाली तरी निष्कर्ष लंगडा राहतो. एका दगडावरून संपूर्ण साठ्याबद्दल बोलू नये. निदान पाच-सहा नमुने हवेत, वेगवेगळ्या ठिकाणांचे.

तुकडे स्वच्छ अगेटच्या खलात फोडा. पितळी चाळणी वापरू नका, पितळात शिसे मिसळलेले असते. सोल्डरचे काम होणारे टेबल आणि जुन्या रंगाचे पोपडे उडणारी खोलीही टाळा. द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने स्वच्छ कण वेचा. गॅलेनाचा १ मिलिग्रॅमही भरपूर होतो, कारण मोजणीला शिशाचे १०० नॅनोग्रॅम पुरतात. शिशाची धूळ पोटात जाऊ नये म्हणून हातमोजे आणि मास्क घाला.

विरघळवण्यात दोन चुका नेहमी होतात. तीव्र नायट्रिक आम्ल घातले, तर गॅलेनातल्या गंधकाचे सल्फेट होते आणि शिशाचा पांढरा, न विरघळणारा सल्फेट साका तळाशी बसतो. म्हणून ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल कोमट करून वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो, तेव्हा हे काम धूरकपाटातच करावे. द्राव थंड झाला की लेड क्लोराइडच्या पांढऱ्या सुया दिसू लागतात. नमुना बिघडला असे वाटून तो फेकू नका. थोडे पातळ करून परत कोमट केले की त्या विरघळतात.

मग शिसे वेगळे काढायचे. ऋणायन-विनिमयी रेझिनच्या छोट्या नळीत द्राव पातळ हायड्रोब्रोमिक आम्लात घालतात. लोह, जस्त, तांबे खाली वाहून जाते, शिसे रेझिनला धरून राहते. शेवटी ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने ते सोडवतात. गॅलेनासाठी ही पायरी सोपी आहे. पायराइटमध्ये मात्र शिसे दहा लाखांत काही भाग एवढेच असते. १० मिलिग्रॅम पायराइटमध्ये दहा लाखांत ५ भाग शिसे असेल, तर हाती येते ५० नॅनोग्रॅम. अशा वेळी आम्ले, भांडी आणि हवा मिळून नमुन्यात मिसळणारे बाहेरचे शिसे १०० पिकोग्रॅमच्या आत ठेवावे लागते. आम्ले दोनदा ऊर्ध्वपातित केलेली हवीत आणि भांडी टेफ्लॉनची. पायराइटमध्ये थोडे युरेनियमही असू शकते. ते मोजून, साठ्याचे वय धरून, नंतर वाढलेले शिसे वजा करावे लागते. हे न करता पायराइटचे आकडे गॅलेनाच्या शेजारी मांडले, तर दोन वेगळे उगम असल्याचा भास होतो.

मोजणी दोन प्रकारच्या उपकरणांत होते. तापीय आयनीकरणाच्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणात) शिसे सिलिका जेल आणि फॉस्फोरिक आम्लाबरोबर रेनियमच्या तारेवर लावून तापवतात. यात वस्तुमान-भेद दर एककाला ०.१ टक्क्याच्या आसपास असतो. प्लाझ्मावर चालणाऱ्या बहुसंग्राहक उपकरणात तो १ टक्क्याच्या घरात जातो, पण स्थिर असतो. त्यामुळे द्रावात थॅलियम मिसळतात आणि त्याचे माहीत असलेले गुणोत्तर (२०५/२०३ = २.३८७१) धरून शिशाची दुरुस्ती करतात. प्लाझ्मात आणखी एक अडचण येते. आर्गॉन वायूत पाऱ्याचा अंश असतो आणि पारा-२०४ चे वजन शिसे-२०४ च्या जागी बसते. म्हणून पारा-२०२ वर सतत नजर ठेवायची, त्याला ०.२३ ने गुणायचे आणि तेवढे वजा करायचे.

नमुन्यांच्या मधूनमधून एनबीएस ९८१ हे प्रमाणित शिसे मोजले गेले पाहिजे. त्याचे २०६/२०४ गुणोत्तर १६.९४ यायला हवे. प्रयोगशाळेकडून निकाल घेताना त्या दिवशीचे ९८१ चे आकडे मागून घ्या. ते नसतील तर तुमच्या नमुन्याचे आकडे इतर कोणाच्या आकड्यांशी ताडून पाहता येणार नाहीत. आपल्याकडे हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक अनुसंधान संस्था आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा या समस्थानिकांच्या कामासाठी नावाजलेल्या आहेत. नमुना पाठवण्याआधी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून कणांचा आकार आणि वजन विचारून घ्यावे.

सैबेरियातल्या नोरिल्स्कला बेसाल्टच्या प्रदेशात निकेल-तांब्याचा प्रचंड साठा आहे. दख्खनचा बेसाल्टही तसाच अफाट. मग इथे तसे काही का सापडत नाही? (नाशिक)

या प्रश्नाचे उत्तर निकेलपेक्षा गंधकात शोधावे लागते. शिलारसात निकेल असतेच, पण विखुरलेले. त्या रसात गंधक मावेनासे झाले की गंधकाचे जड थेंब वेगळे पडतात आणि निकेल, तांबे, प्लॅटिनम स्वतःत ओढून घेतात. प्रावरणातून, म्हणजे भूकवचाखालच्या थरातून, वर येणाऱ्या रसात गंधक सहसा इतके नसते. ते बाहेरून मिळावे लागते.

गंधक-३२ आणि गंधक-३४ यांचे प्रमाण ठरावीक मानकाच्या तुलनेत हजारात किती भागांनी वेगळे आहे, ते डेल्टा मूल्याने सांगतात. प्रावरणातले गंधक शून्याच्या आसपास असते. आजच्या समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचे मूल्य अधिक २१ (म्हणजे +२१) आहे. जिवाणूंनी सल्फेटपासून बनवलेले सल्फाइड त्याहून ४० किंवा अधिक एककांनी हलके असू शकते. नोरिल्स्कच्या खनिजात हे मूल्य अधिक ८ ते अधिक १२ च्या दरम्यान येते. प्रावरणाचे गंधक इतके जड नसते. तिथल्या शिलारसाने वाटेतल्या गाळाच्या थरांतले, बाष्पीभवनाने साठलेले अ‍ॅनहायड्राइट (कॅल्शियम सल्फेट) पोटात घेतले, याचा हा सबळ पुरावा मानला जातो.

दख्खनमध्ये नोरिल्स्कच्या तोडीचा साठा आजवर सापडलेला नाही. आपल्याला वर दिसतात ते मुख्यतः लाव्हाचे थर. नोरिल्स्कचे धातू मात्र लाव्हाच्या खालच्या, वाटेतल्या घुसखोर खडकांत, म्हणजे शिलारस जमिनीखालीच गोठून बनलेल्या खडकांत, आहेत. शोध घ्यायचा तर तशा घुसखोर खडकांतले, विशेषतः गंधकयुक्त गाळाला भिडलेले, सल्फाइडचे बारीक थेंब तपासावेत. एका मोजणीला गंधकाचे ५० मायक्रोग्रॅम पुरतात. पायराइटमध्ये ५३ टक्के गंधक असल्याने त्याचे ०.१ मिलिग्रॅम, गॅलेनात १३ टक्केच असल्याने त्याचे जवळपास ०.४ मिलिग्रॅम. व्हॅनेडियम पेंटॉक्साइडबरोबर कथलाच्या पुडीत बांधून ते १,००० अंश सेल्सिअसच्या वर जाळतात आणि निघालेला सल्फर डायऑक्साइड मोजतात. व्हॅनेडियम विसरले तर ज्वलन अपुरे राहते आणि आकडे नमुन्यागणिक हलतात.

मूल्य शून्याजवळ आले म्हणून बाहेरचे गंधक मिसळले नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये. भूकवचातल्या काही खडकांचे गंधकही शून्याजवळच असते. सुमारे २४० कोटी वर्षांहून जुन्या साठ्यांत यावर एक सुरेख उपाय आहे. त्या काळच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे गंधक-३३ चे प्रमाण नेहमीच्या नियमाबाहेर गेले आणि ती खूण गाळात उतरली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अतिप्राचीन निकेल साठ्यांत ही खूण सापडते. एके काळी हवेत असलेले गंधक गाळातून लाव्हात आणि तिथून निकेलच्या खनिजात गेले, हे त्यावरून कळले. दख्खन अवघा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या स्वतःच्या काळातल्या गाळात ही खूण असणार नाही.

खनिज वाहून आणणारे पाणी पावसाचे होते की शिलारसातले, हे क्वार्ट्झवरून कळते म्हणतात. ते किती खात्रीचे? (बेळगाव)

तापमान जितके खात्रीचे, तितकेच. समजा क्वार्ट्झमधल्या ऑक्सिजन-१८ चे डेल्टा मूल्य अधिक १२ आहे. क्वार्ट्झ ३०० अंशांना तयार झाला असेल, तर त्या वेळचे पाणी सुमारे अधिक ५.१ चे होते, म्हणजे शिलारसातल्या पाण्याच्या जवळ. तोच क्वार्ट्झ २०० अंशांना तयार झाला असेल, तर पाणी सुमारे अधिक ०.३ चे निघते, म्हणजे जवळजवळ समुद्राच्या पाण्यासारखे. दगड तोच, मोजणी तीच, पण निष्कर्ष उलट.

म्हणून आधी तापमान स्वतंत्रपणे काढा. द्रव-अंतर्वेशांवरून (स्फटिकात अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांवरून) काढता येते, किंवा शेजारी-शेजारी एकाच वेळी बनलेल्या स्फॅलेराइट (जस्त-गंधकाचे खनिज) आणि गॅलेना यांच्या गंधकावरून. या दोहोंच्या मूल्यांत ३०० अंशांना सुमारे २.२ चा आणि २०० अंशांना ३.३ चा फरक असतो. जोडी खरोखर एकत्र बनली की एकाने दुसऱ्याला कापले, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरवावे.

आमच्या शेजारी बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडची तांब्याची खाण आहे. तिथले तांबे किती जुने हे कसे ठरवले? (गोंदिया)

मलांजखंडला तांब्याबरोबर मॉलिब्डेनाइट (मॉलिब्डेनम-गंधकाचे खनिज) आहे, आणि वय त्यातूनच मिळाले. मॉलिब्डेनाइट बनताना रेनियम धरून ठेवते, ऑस्मियम जवळजवळ घेतच नाही. रेनियम-१८७ चा क्षय होऊन ऑस्मियम-१८७ बनते (अर्धायुष्य सुमारे ४,२०० कोटी वर्षे). म्हणून आज त्यात जे ऑस्मियम-१८७ दिसते ते सगळे तिथेच तयार झालेले, आणि उगमाबद्दल काहीही गृहीत न धरता थेट वय काढता येते. मलांजखंडचे वय सुमारे २४९ कोटी वर्षे आले. त्या वयाच्या मॉलिब्डेनाइटमध्ये ऑस्मियम-१८७ आणि रेनियम-१८७ यांचे प्रमाण सुमारे ०.०४२ असते. भोवतालच्या ग्रॅनाइटमधल्या झिरकॉनचे वयही सुमारे २४८ कोटी. म्हणजे तांबे आणि ग्रॅनाइट एकाच काळातले. हा साठा चिली-पेरूसारख्या पॉर्फिरी प्रकारचा (घुसखोर शिलारसाभोवती तांबे विखुरलेला) म्हणावा का, यावर मात्र तज्ज्ञांत मतभेद राहिले. वय जुळले म्हणजे साठ्याचा प्रकार ठरला असे होत नाही.

या पद्धतीत एक अडचण आहे. जुन्या, मोठ्या पत्र्यांच्या मॉलिब्डेनाइटमध्ये ऑस्मियम आतल्या आत सरकते आणि रेनियम होते तिथेच राहते. लेसरने एखादा ठिपका मोजला, तर वय कुठेही भरकटू शकते. त्यामुळे शिरेच्या पूर्ण रुंदीतले मॉलिब्डेनाइट घेऊन, वाटून, नीट मिसळून त्यातले निदान ४०-५० मिलिग्रॅम वापरतात. ते जाड काचेच्या बंद नळीत, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांत, २२० ते २४० अंशांना दिवसभर किंवा अधिक तापवतात. नळी भरताना आणि सील करताना ती कोरड्या बर्फात गोठवलेली असते, नाहीतर ऑस्मियम वायुरूपाने उडून जाते. तो वायू विषारीही आहे. सल्फाइड जास्त घातले तर दाब वाढून नळी फुटते, म्हणून ती पोलादी आवरणात ठेवूनच भट्टीत घालतात.

दायमाबादच्या ताम्र-मूर्ती १९७४ मध्ये सापडल्या. त्यांचे तांबे कुठल्या खाणीचे हे समस्थानिकांवरून सांगता येईल का? (श्रीरामपूर)

काही शक्यता ठामपणे बाद करता येतील. खाण नेमकी सांगणे त्याहून कितीतरी कठीण.

नमुना काढणे फार अवघड नाही. न दिसणाऱ्या जागी १ मिलिमीटरच्या ड्रिलने छिद्र घेऊन, वरचा गंजलेला चुरा टाकून, आतला चकचकीत चुरा २०-३० मिलिग्रॅम घेतला की पुरतो. वितळवताना शिशाची गुणोत्तरे मोजण्याइतकी बदलत नाहीत, हा मोठा फायदा. जस्ताचे तसे नसते. ते ९०७ अंशांना उकळते, हलके अणू आधी वाफेत जातात आणि वाफ पूर्ण थंड करून धरली नाही तर प्रमाण बदलते. जावरच्या प्राचीन जस्त-भट्ट्यांच्या अवशेषांचा अभ्यास करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

अडचण पुढे येते. आधी धातूत शिसे किती टक्के आहे ते पाहा. ओतकामाला सोपे जावे म्हणून शिसे मुद्दाम घातले असेल, तर समस्थानिक त्या शिशाचा पत्ता सांगतील, तांब्याचा नाही. जुनी मोडकी भांडी वितळवून नवी वस्तू केली असेल, तर दोन-तीन खाणींचे शिसे मिसळून मधलाच आकडा येतो, आणि तो भलत्याच तिसऱ्या खाणीशी जुळू शकतो. शिवाय तांब्याच्या खनिजांत शिसे कमी आणि युरेनियम कधी कधी भरपूर. झारखंडच्या सिंगभूम पट्ट्यात तांबे आणि युरेनियम शेजारी-शेजारी आहेत. तिथल्या तांब्याच्या खनिजातल्या शिशाचे आकडे इतके पसरलेले असू शकतात, की त्या पसाऱ्यात पुष्कळ वस्तू 'बसतात'. ओमानच्या तांब्याचे खडक सुमारे साडेनऊ कोटी वर्षांचे, त्यामुळे त्यांचे शिसे अरवलीच्या प्राचीन शिशाहून बरेच निराळे. त्या दोहोंत निवड करायची असेल तर समस्थानिक चांगले काम करतात.

म्हणून वस्तूचे आकडे एखाद्या खाणीच्या आकड्यांच्या बाहेर पडले, की ती खाण नक्की बाद करता येते. आत पडले, तर फक्त 'शक्य आहे' एवढेच म्हणावे आणि मग आर्सेनिक, निकेल, चांदी यांचे अंश, भट्टीची मळी, जवळपासच्या जुन्या खाणींच्या खुणा यांकडे वळावे. ज्या खाणीचे खनिज कोणी मोजलेलेच नाही ती तुलनेत येत नाही. भारतातल्या छोट्या, जुन्या तांब्याच्या खाणींचे पद्धतशीर मोजमाप करणे हे दायमाबादच्या प्रश्नासाठी मूर्तींना छिद्र पाडण्याआधीचे काम आहे.

तांब्याचे स्वतःचे समस्थानिक शोधमोहिमेत वापरतात का? (चंद्रपूर)

वापरतात, पण मूळ उगमापेक्षा नंतरच्या बदलांसाठी. तांबे-६३ आणि तांबे-६५ हे दोन स्थिर समस्थानिक आहेत. खोलवर, उच्च तापमानात बनलेल्या चाल्कोपायराइटमध्ये (तांबे-लोह-गंधकाच्या खनिजात) त्यांचे डेल्टा मूल्य शून्याच्या जवळपास राहते. पावसाच्या पाण्याने हा खडक कुजला की पाण्यात जाणारे तांबे जड असते आणि मागे उरलेल्या तांबूस लोह-ऑक्साइडमधले हलके. ते जड तांबे खाली जाऊन चाल्कोसाइट या तांबे-गंधकाच्या खनिजात साठते. पृष्ठभागावरचा गंजका खडक स्पष्टपणे हलका निघाला, तर इथून बरेच तांबे धुऊन गेले आहे आणि खाली समृद्ध थर असू शकतो, असा अंदाज बांधता येतो. ड्रिल करायला चार जागा असतील तर पहिली कुठली, हे ठरवायला एवढे पुरते. नमुना घेताना हिरव्या मॅलॅकाइटचा थर त्यात मिसळू देऊ नका, कारण त्यातले तांबे वेगळ्या वेळी, वेगळ्या पाण्यातून आलेले असते.